थांबा चुकला तो दिवस

माझ्या सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. माझं तर नाहीच नाही. मी वेधशाळेत नोकरी करते. उद्या वारा कुठून आणि किती जोरात येणार हे सांगण्याचा मला पगार मिळतो, अख्खं बंदर माझ्या शब्दावर नांगर टाकतं आणि उचलतं. आमच्या घरी मात्र दोरीवरचे कपडे काढायचे की नाही हे सासूबाई खिडकीतून हात बाहेर काढून ठरवतात. वर माझ्याकडे बघतात. त्या बघण्याचा अर्थ मला न सांगता कळतो.

नवरा दुसऱ्या शहरात कामाला, सुट्टीला येतो. म्हणजे घरात आम्ही दोघीच. लोकांना वाटतं, किती छान, सासू-सुना एकमेकींना सांभाळून घेतात. सांभाळून कसल्या घेतो, सोसतो! मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही हे त्यांना सोसत नाही, आणि त्या ऐकत नाहीत हे मला.

आमच्या बंदराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. बंदर एका मोठ्या आखाताच्या पोटात आहे आणि बाहेरच्या समुद्रातून आत यायला एकच वाट आहे, दोन डोंगरांमधली चिंचोळी, मध्येच वळण घेणारी. तिला सगळे 'गळा' म्हणतात. भरतीला बाहेरचं सगळं पाणी या गळ्यातून आत घुसतं, ओहोटीला तेच बाहेर पडतं. गळ्याच्या आतल्या तोंडाशी पाण्याखाली एक सुळका आहे. धावतं पाणी त्याच्यावर आपटतं. डोंगराच्या आडोशाचं पाणी मात्र जागचं हलत नाही. हे धावणारं आणि ते बसून राहिलेलं, दोन्ही जिथे एकमेकांना घासतात तिथे पाणी वळतं, गुंडाळलं जातं आणि भोवरा तयार होतो. ऐन भरतीत त्याच्या मधोमध खड्डा पडतो आणि त्याची घरघर गावात ऐकू येते. तो जहाजं गिळतो वगैरे सगळ्या गप्पा. पण लहान बोट त्याच्या कडेला तिरकी झाली की उलटायला वेळ लागत नाही, आणि त्या पाण्यातून पोहून बाहेर येणारा अजून जन्माला यायचा आहे.

भरती संपून ओहोटी लागायच्या आधी, आणि ओहोटी संपून भरती लागायच्या आधीही, पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यात भोवरा मिटतो. या वेळेला आमच्याकडे 'थांबा' म्हणतात. बोटी थांब्यालाच गळ्यातून जातात. थांब्याच्या वेळांचा छापील तक्ता घराघरात भिंतीवर असतो, आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी लोक आधी थांबा बघतात. तक्ता चंद्राच्या हिशोबाने बनतो आणि चंद्र काही कुणाला फसवत नाही, त्यामुळे सगळ्यांचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास.

आणखी एक रीत आहे. गळ्यात शिरताना बोटीवर कुणी बोलायचं नाही. कप्तान इंजिन मंद करतो, वायरलेस बंद करतो आणि कान देऊन पाणी ऐकतो, कारण वळणापलीकडचा भोवरा दिसत नाही, ऐकूच येतो. प्रवासी चिडीचूप बसतात. शिंक आली तरी लोक नाक दाबून धरतात. बेटावरून येणाऱ्या बोटीचा कप्तान तर धक्क्यावरही कुणाशी बोलत नाही, म्हणून त्याचं नाव मौनीबाबा.

तर त्या दिवशी अगदी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. दूरच्या समुद्रात वादळ उठलं होतं आणि ते उद्या दुपारी आमच्यावर येणार असा इशारा मीच आदल्या दिवशी दिला होता. सासूबाई कप विसळत होत्या. वादळ कसं होतं, असं त्यांनी मला विचारलं नव्हतं. मला कुणी विचारावं लागत नाही. मी सांगायला लागले.

'समुद्र तापतो ना आई, त्याची वाफ होते. वाफ वर जाते, वर थंडी असते, तिचे ढग होतात. ढग होताना ती आतली उष्णता सोडते, मग तिथली हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. खाली जागा रिकामी झाल्यासारखी होते, दाब उतरतो, मग चहूकडून हवा तिथे धावत येते...'

'आणि?' सासूबाई म्हणाल्या. हे त्यांचं 'आणि' प्रश्न नसतं. लवकर आटप असं असतं.

'आणि पृथ्वी फिरते आहे, म्हणून ती हवा सरळ येत नाही, वळत वळत येते. म्हणून सगळं वादळ गोल फिरतं. मधोमध मात्र सगळं शांत असतं. वारा नाही, पाऊस नाही. लोकांना वाटतं संपलं, बाहेर पडतात आणि मग दुसरी बाजू येते, उलट्या दिशेचा वारा घेऊन.'

सासूबाईंनी सिंकचं बूच काढलं. साबणाचं पाणी गरगरत खाली गेलं. 'हे असंच ना?'

'अहो नाही! ते कसंही फिरतं, तुम्ही हात कसा हलवला त्यावर असतं. इतक्याशा सिंकला पृथ्वी फिरल्याचं काय कळणार?'

'आणि आपला भोवरा?'

'तो अगदी वेगळा. त्याला चंद्र चालवतो, वादळाला ऊन.'

'दोघं गरगर फिरतात ना? मग भाऊभाऊच की.'

'नाही हो आई, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही,' मी चिडून म्हणाले, आणि मग मला राहवेना. 'म्हणजे, आहे एक. वादळ यायच्या आधी त्याचं पाणी येतं. वारा समुद्राला पुढे लोटत आणतो. इथे आभाळ स्वच्छ असतं आणि पाणी मात्र चढायला लागतं. आपल्याकडे ते आज रात्रीनंतर सुरू होईल. मग थांबासुद्धा तक्त्याप्रमाणे होत नाही, कारण बाहेर पाणी चढतच राहिलं तर ते आत येतच राहणार, ते कशाला...'

'तुझं झालं असेल तर सरक. मला कप ठेवायचाय.'

मी सरकले. कप ठेवून त्यांनी हात पुसले आणि जाहीर केलं की त्या सकाळच्या थांब्याच्या बोटीने बेटावर निघाल्या आहेत. बेट म्हणजे त्यांचं माहेर. तिथे त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, पत्र्याच्या घरात एकटी राहते. 'उद्या वादळ आहे ना? मग आज तिला घेऊन येते. दुपारच्या थांब्याला परत.'

'फोन करा, ती येईल एकटी.'

'ती एकटी आली तर तिची पेटी कोण उचलणार?'

'तुमचे गुडघे उचलणार का?'

खरं तर बेत शहाणपणाचा होता. आभाळ निळंशार, समुद्र काचेसारखा, आणि पाणी रात्रीपर्यंत चढणार नाही असा माझाच अंदाज. पण मला विचारलं नाही याचा मला राग आला, म्हणून मी गुडघ्यांवरून सुरुवात केली, त्या माझ्या बडबडीवर आल्या, आणि शेवटी मी म्हणाले, 'जा, जा. माझं तुम्ही कधी ऐकलंय, आज ऐकाल?' त्यांनी नव्या सँडल पायात घातल्या आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही, नुसतं ओढलं. ते आपटण्यापेक्षा वाईट.

वेधशाळा टेकडीवर आहे. वरच्या मजल्यावर आम्ही, खालच्या मजल्यावर बंदराचे मोठे साहेब. त्यांना सगळे भोंगासाहेब म्हणतात, कारण बंदराचा भोंगा वाजवायचा अधिकार त्यांचा आणि त्यांना तो वाजवायला मनापासून आवडतो. माझ्या खिडकीतून गळा आरपार दिसतो, आतलं तोंड, वळण आणि बाहेरचा कासवखडकसुद्धा. कासवखडक म्हणजे गळ्याच्या बाहेरच्या तोंडाशी पाण्यातून वर आलेली मोठी पाठ. तिच्या आडोशाला पाणी शांत असतं. बोट एकदा कासवखडक सोडून पुढे आली की प्रवाह तिला आत ओढून घेतो, मग परत फिरता येत नाही.

बाहेरच्या दीपगृहाखाली पाण्याची उंची मोजायचं यंत्र बसवलेलं आहे. त्याच्या आकड्यांची लाल रेघ माझ्या पडद्यावर उमटते, आणि तिच्या शेजारी तक्त्याची निळी. रोज दोन्ही रेघा जुळ्या बहिणींसारख्या चालतात. त्या दिवशी मी सकाळभर वादळाच्या मार्गावर डोळे लावून बसले होते. ते रात्रीत सरळ न येता किंचित वळलं होतं आणि त्याचा घेर वाढला होता. दुपारचा थांबा जवळ आला तेव्हा सवयीने रेघांकडे बघितलं. निळी आडवी व्हायला लागली होती. लाल तिच्यापेक्षा हातभर वर होती आणि चढतच होती.

मी खिडकीशी गेले. आभाळ अजून निळंच होतं, आणि त्या सुंदर उन्हात गळ्याच्या आतल्या तोंडाशी भोवरा उघडा होता. मिटत आलेला नव्हे, ऐन भरतीला असतो तसा, मधोमध खड्डा पडलेला. थांब्याच्या वेळेला तो असा मी कधी बघितला नव्हता. रात्री यायचं पाणी दुपारीच आलं होतं. वादळ अजून शेकडो मैल लांब आणि त्याचा हात आमच्या गळ्यापर्यंत पोचलेला.

दुर्बीण लावली. बेटाची बोट कासवखडकाच्या दिशेने येत होती. निळी ताडपत्री, पुढे मौनीबाबा, आणि मागच्या बाकावर पिवळी छत्री. उन्हासाठी पिवळी छत्री आमच्या गावात एकाच बाईकडे आहे.

मी वायरलेसवर बोट बोलावली. पुन्हा बोलावली. नुसती खरखर. गळ्याजवळ आल्यावर मौनीबाबाने रीतीप्रमाणे वायरलेस बंद केला होता. पाणी ऐकायला! आणि पाण्याने त्या दिवशी त्यालाही फसवलं असणार, कारण वादळाच्या लांबच लांब लाटा बाहेरच्या खडकांवर येऊन फुटत होत्या आणि त्यांचा गडगडाट भोवऱ्याच्या घरघरीसारखाच होता. ओळखीचा आवाज त्या आवाजात बुडून गेला होता. सासूबाईंचा फोन लावला. तो आमच्याच स्वयंपाकघरात वाजत असणार, कारण त्या तो कधीही बरोबर नेत नाहीत.

मी जिन्याने खाली धावले. भोंगासाहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा दोन वाक्यांत. ते ताडकन उठले आणि भिंतीवरच्या खटक्याकडे निघाले.

'भोंगा नको!' मी ओरडले.

'का नको? सगळं बंदर जागं करतो!'

'साहेब, भोंगा वाजला की बोटवाले काय करतात?'

त्यांचा हात तसाच राहिला. भोंग्याचा अर्थ आमच्याकडे एकच: वादळ आलं, असाल तिथून घरी या, घाई करा. खांबावर इशारा म्हणून चढवायच्या काळ्या शंकूंचा अर्थ तोच. रात्रीच्या लाल दिव्यांचाही तोच. पिढ्यानपिढ्या या बंदराने आपल्या माणसांना हाकच मारली आहे, या, या, लवकर आत या. 'तिथेच थांबा' हे सांगायची एकही खूण आमच्याकडे नव्हती. भोंगा वाजवला असता तर मौनीबाबाने इंजिन पूर्ण वेगात सोडलं असतं आणि तो सरळ भोवऱ्यात आला असता.

'मग काय करायचं?' भोंगासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

'मला माहीत नाही,' मी म्हणाले. मला खरंच माहीत नव्हतं. मदतीची बोट आतून जाऊ शकत नव्हती, कारण मध्ये भोवराच होता. आम्ही दोघं वर आलो आणि खिडकीशी उभे राहिलो. मी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. मला आठवत होतं ते त्यांचं दार ओढून घेणं. काय म्हणाले होते मी? माझं कधी ऐकलंय, आज ऐकाल? बाई गं, तुला दुसरं काही बोलायला सुचलं नाही? एरवी तोंडाला पट्टी नसते तुझ्या!

बोट कासवखडकाजवळ आली. आता ती मंद झाली. आता सगळे गप्प बसले असतील, मी मनात म्हणाले. आता मौनीबाबा कान देत असेल. पिवळी छत्री मिटली, कारण गळ्यात छत्री उघडी ठेवत नाहीत. बोटीचं नाक कासवखडकाच्या पुढे आलं.

आणि मग मागच्या बाकावर कुणीतरी उभं राहिलं.

गळ्यात कुणी उभं राहत नाही. दुर्बिणीत माणूस बोटाच्या पेराएवढा दिसत होता, पण मिटलेली पिवळी छत्री हवेत वर-खाली होताना मी स्वच्छ बघितली. बोट डगमगली. तिचं नाक एका बाजूला वळलं, प्रवाहाने तिला थोडं ओढलं, मी 'आई!' म्हणून किंचाळले, भोंगासाहेबांनी माझा दंड धरला. आणि बोट वळसा घेऊन, अगदी हळू, कासवखडकाच्या आडोशाला गेली. नांगर पडला.

'थांबली,' भोंगासाहेब म्हणाले. 'अहो, थांबली की!'

मी मटकन खाली बसले. भोंगासाहेबांनी मला पाणी दिलं आणि त्यातलं अर्धं स्वतःच प्यायले.

मग लाल रेघ आडवी व्हायची वाट बघत बसलो. कधी कुठल्या रेघेला मी इतकी विनवणी केली नसेल. तासाभराहून जास्त वेळ गेला. हळूहळू ती थकली, वाकली आणि आडवी झाली. गळ्यातला भोवरा उथळ झाला, मग नुसती वळवळ राहिली, मग तीही गेली. कासवखडकामागून निळी ताडपत्री बाहेर आली आणि मौनीबाबाने बोट सरळ, सावकाश, गळ्यातून आत आणली.

मी धक्क्यावर पोचले तेव्हा सासूबाई पायऱ्या चढत होत्या. नव्या सँडल हातात, दोन्ही चिंब. मागे मावशी आणि मावशीच्या मागे पेटी उचललेला मौनीबाबा. मी जाऊन सासूबाईंना मिठी मारली. आमच्यात अशी पद्धत नाही. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या.

'ऑफिस सोडून आलीस?'

'आई, बोट कशी थांबली?'

'मला चक्कर आली,' त्या म्हणाल्या. 'म्हटलं थांबव जरा.'

मावशीने तोंड उघडलं. सासूबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढलेला मी बघितला. मावशीने तोंड मिटलं.

मी मौनीबाबाकडे वळले. त्याने पेटी खाली ठेवली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, 'त्या ओरडल्या. मी थांबलो. इंजिन बंद केल्यावर मग पलीकडचा ऐकू आला.' एवढं बोलून तो दमला आणि निघून गेला.

चक्कर तर चक्कर. मी ती चक्कर डोक्यावर घेऊन नाचायला तयार होते. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं, 'तुझ्या आईला चक्कर आली आणि बारा माणसं वाचली.' तो म्हणाला, 'आईला? चक्कर? तिला झोपाळ्यावर कधी आली नाही.' तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण आनंदात माणसाची अक्कल जरा सुट्टीवर जाते.

पुढे बंदराने 'तिथेच थांबा' सांगणारी एक नवी खूण ठरवली: खांबावर पिवळं निशाण. बोटवाल्यांनी त्याचं बारसं करून टाकलं. आजही ते चढलं की धक्क्यावर लोक एकमेकांना सांगतात, 'आज जाऊ नका रे, सासूबाई चढल्यात.' त्यांना हे कळलं आहे आणि त्यांना ते आवडतं, जरी त्या तसं म्हणणार नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी वादळ यायचं होतं, आणि ते माझ्या अंदाजाआधी आलं. वेधशाळेची इमारत दगडी आणि उंचावर, म्हणून धक्क्याजवळची माणसं, सासूबाई, मावशी, सगळे सकाळीच वर आले होते. यंत्रांच्या खोलीत मी, बाहेरच्या मोठ्या खोलीत बाकी सगळे, मध्ये दार उघडं. मौनीबाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. भोंगासाहेब सगळ्यांना पाणी वाटत होते आणि उगाचच खटक्याला हात लावून बघत होते.

वाऱ्याबद्दल मी काय सांगू? खिडक्यांच्या झडपा आतून दोरीने बांधल्या होत्या आणि तरी त्या श्वास घेतल्यासारख्या आत-बाहेर होत होत्या. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. दाब उतरत होता, उतरतच होता. आणि मग, मध्यान्हीच्या थोडं पुढे, कुणीतरी बटण दाबावं तसं सगळं थांबलं. झडपांच्या फटीतून ऊन आत आलं. बाहेर एक पक्षी ओरडला.

'संपलं बाई एकदाचं,' मावशी म्हणाली आणि उठली. तिची पेटी आमच्या घरी होती आणि घराचं छप्पर राहिलं की गेलं याचा तिला घोर. ती दाराच्या कडीला हात घालते न घालते तोच मी खुर्चीतून उठले, पण माझ्या आधी दुसराच आवाज आला.

'बस खाली!' सासूबाई म्हणाल्या. 'हे मधलं आहे. मधोमध सगळं शांत असतं. लोकांना वाटतं संपलं, बाहेर पडतात आणि मग दुसरी बाजू येते. उलट्या दिशेचा वारा घेऊन.'

मी दारातच उभी राहिले. शब्द न् शब्द माझा होता. सिंकपाशी, कप विसळताना ज्या बाईने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं तिने तो जसाच्या तसा उचलून ठेवला होता.

'तुला गं काय माहीत?' मावशी म्हणाली.

'सुनेने सांगितलंय.'

'कालपण हेच! तुझं आपलं सुनेने सांगितलंय, सुनेने सांगितलंय...' मावशी एवढं बोलली आणि चिमट्याच्या आठवणीने दंड चोळायला लागली. पण आता उशीर झाला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

'मावशी, काल काय झालं?'

'मी काही बोलणार नाही. मला शपथ घातलीय.'

'बोटीतलं बोटीत राहू दे,' सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा कोपऱ्यातून मौनीबाबा बोलला. खोलीतल्या सगळ्यांनी वळून बघितलं, कारण त्याचा आवाज कसा आहे हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं.

'बेटाच्या धक्क्यावर एक पायरी आहे,' तो म्हणाला. 'भरतीच्या थांब्यालासुद्धा ती कोरडी असते. काल यांच्या सँडल तिच्यावर भिजल्या. वाटेत यांनी मला सांगितलं, पाणी जास्त आहे. मी म्हटलं, असेल थोडं. मग खडकापाशी या उठल्या. गळ्यात! छत्री घेऊन! म्हणाल्या, पाणी अजून चढतंय, थांबा झालेला नाही. मी म्हटलं, तक्ता म्हणतो झालाय. मी बघितलंय आयुष्यभर.' तो थांबला. 'तर म्हणाल्या, माझी सून बोलते फार, ऐकून ऐकून जीव नकोसा होतो, पण ती खोटं बोलत नाही. ती म्हणते ना झाला नसणार, मग झालेला नाही. वळव बोट, नाहीतर छत्री डोक्यात घालते.'

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, भोंगासाहेब तर डोळे पुसून पुसून. मी हसत नव्हते. मी रडत होते, सगळ्यांसमोर, लहान मुलीसारखी, नाकातून पाणी येईपर्यंत. काल खिडकीशी उभी राहून मी ज्या माणसाला हाक पोचवायला धडपडत होते त्याच्याकडे माझी हाक सकाळीच पोचलेली होती. मलाच ती परत मिळायची राहिली होती.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ते नेहमीचं बघणं नव्हतं, किंवा असेलही, मीच त्याचा अर्थ इतकी वर्षं चुकीचा लावला असेल.

'रडतेस काय,' त्या म्हणाल्या. 'मी काय बुडाले? आणि माझ्या सँडल वाळल्या नाहीत अजून, त्याचं बघ.' त्यांनी आपल्या बाकावर सरकून जागा केली. 'बस. आता वारा कुठून येईल?'

'त्या बाजूने,' मी बोट दाखवलं. त्यांनी मौनीबाबाला त्या बाजूची झडप पुन्हा घट्ट बांधायला लावली. मग मांडीवर हात ठेवून त्या नीट बसल्या.

'हं,' त्या म्हणाल्या. 'पुढे सांग.'